रस्त्यांचीही ईर्यासमिती



चातुर्मासाची सांगता झाली, निष्ठापनाविधी पार पडला की आपल्या गावोगावच्या मुनिसंघांचा विहार सुरू होतो. पहाटेचे तांबडे फुटल्यावर, वाट स्पष्ट दिसू लागल्यावरच मुनिराज पाऊल उचलतात. दृष्टी चार हात पुढच्या जमिनीवर स्थिर असते. मुंगीला, अंकुराला, ओल्या गवतालाही आपल्या चालण्याने बाधा होऊ नये, एवढी जागरूकता त्या प्रत्येक पावलात असते. पाच समितींपैकी ही पहिली, ईर्यासमिती. कोठे जायचे आहे याला महत्त्व आहेच. परंतु जाताना कोणाला तुडवून जात नाही ना, हे पाहणे साधूला त्याहून महत्त्वाचे वाटते.

या महिन्यात या सदरासाठी विषय निवडताना ईर्यासमितीचे स्मरण झाले, त्याला एक घटना कारण झाली. ती आधी सांगतो.

सीमाभागातील एका लहान गावी एका कौटुंबिक कार्यासाठी गेलो होतो. गावात शिरणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण नुकतेच पूर्ण झालेले होते. काळाभोर, गुळगुळीत, दुतर्फा पांढरे पट्टे ओढलेला रस्ता पाहून मन प्रसन्न झाले. पूर्वी याच वाटेने एसटीतून येताना हाडे खिळखिळी होत असत. दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत दर्शनाला गेलो, तेव्हा प्राकाराच्या भिंतीला टेकवून ठेवलेला एक पाषाण दिसला. वरच्या भागात पद्मासनस्थ जिनप्रतिमा, तिच्यावर छत्रत्रय. खालच्या चौकटीत हात जोडून बसलेली एक व्यक्ती, तिच्यासमोर स्थापनाचार्य. आणि त्याखाली हळेकन्नड लिपीतील चार-पाच ओळी. उजवा कोपरा ताजा तुटलेला होता. तुटलेल्या जागी दगडाचा आतला निळसर रंग अजून तसाच होता.

ती निषिधी होती. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोण्या श्रावकाने, श्राविकेने किंवा साधूने याच परिसरात सल्लेखना घेऊन समाधिमरण साधले, त्याची ती स्मृतिशिला. रस्त्याच्या कडेला ती पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. गावातल्या वृद्धांना ती 'वाटेवरचा देव' म्हणून ठाऊक होती. यंत्राने ती इतर राडारोड्यासह उचलली आणि मोरीच्या भरावासाठी नेलेल्या दगडांच्या ढिगात टाकली. शाळेतून घरी जाणाऱ्या एका शिक्षकांचे लक्ष गेले, म्हणून ती वाचली. चार तरुणांना हाताशी धरून त्यांनी ती बस्तीत आणून ठेवली.

मी त्यांना विचारले, "ती नेमकी कोठे उभी होती?" त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवले आणि ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आता सांगता येणार नाही. तिथली झाडेही गेली, बांधही गेला. खुणेला काही उरले नाही."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. शिला वाचली होती, पण स्थान हरवले होते. निषिधीचा अर्थ तिच्या स्थानाशी जोडलेला असतो. एका जीवाने देहाचा मोह जेथे शांतपणे सोडला, ती भूमी तिच्यामुळे ओळखता येते. भूमीवेगळी झालेली निषिधी म्हणजे पत्ता पुसला गेलेले पत्र. वाचता येते, परंतु कोठून आले ते कळत नाही. आपल्याकडे आदाननिक्षेपण समितीही सांगितली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलावी-ठेवावी. त्या यंत्रचालकाला हे कोणी सांगितले नव्हते. त्याला दोष देऊन काय उपयोग? नकाशा आखणाऱ्याच्या कागदावर तो पाषाण नव्हता, गावाच्या दप्तरात नव्हता आणि खरे सांगायचे तर आपल्या समाजाच्या कोणत्याही वहीतही नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रस्ता हा वारशाचा शत्रू नव्हे. उलट आपली बहुतेक प्राचीन स्थाने रस्त्यांमुळेच जन्मली आहेत. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासवृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या नगरांतून भडोच बंदराकडे माल जात असल्याची नोंद आहे. कल्याणहून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा तर सातवाहनकाळातील राजमार्गच. सार्थवाहांचे तांडे ज्या वाटांनी गेले, त्याच वाटांच्या आसपास लेणी कोरली गेली. पावसाळ्यात साधूंना निवारा मिळाला, व्यापाऱ्यांना धर्मश्रवण घडले आणि दानातून टाकी, विहार, मंदिरे उभी राहिली. मावळातील पाले येथील लेण्यात अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याचे तो सांगतो. महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत अभ्यासक त्याची गणना करतात. मनमाडजवळील अंकाई-टंकाईची जैन लेणी, वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची लेणी, धाराशिवची लेणी ही सगळी जुन्या दळणवळणाशी नाते सांगणारी स्थाने आहेत. तेव्हा रस्ता आणि तीर्थ यांचे वैर सनातन नाही. बैलगाडीच्या वेगाच्या रस्त्याने तीर्थाला जन्म दिला. आज त्याच वाटेवर अवजड ट्रकांच्या रांगा धावू लागल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला.

तो प्रश्न नेमका कोणता, हे थोडे बारकाईने समजून घेऊ. कारण 'मंदिराला धक्का लागला नाही ना, मग झाले' असे आपण सहज म्हणून जातो. रस्त्याने होणारी हानी भिंत पाडूनच होते असे नाही. ती चार वाटांनी येते.

पहिली वाट कंपनांची. अवजड वाहन खडबडीत रस्त्यावरून किंवा गतिरोधकावरून जाते, तेव्हा जमिनीतून लहरी पसरतात. चुन्यात बांधलेली किंवा नुसती दगडावर दगड ठेवून रचलेली जुनी वास्तू त्या लहरी दिवसरात्र सोसत राहते. एका ट्रकाने काही होत नाही. परंतु सांधे हळूहळू सैल होतात, जुनी भेग किंचित रुंदावते, तिच्यात पाणी शिरते. जर्मनीतील 'डीआयएन ४१५०' या मानकात जुन्या, संवेदनशील वास्तूंच्या पायाशी मंद कंपनांचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटरच्या आत असावा, असे मार्गदर्शन आहे. राहत्या घरांसाठी हीच मर्यादा ५ आणि कारखान्यांच्या इमारतींसाठी २० मिलिमीटर आहे. कारखाना जे सोसतो, ते देवालयाला सोसवत नाही, हा त्याचा साधा अर्थ. भक्तांच्या सोयीसाठी म्हणून आपण बस्तीच्या दारासमोरच गतिरोधक घालून घेतो, तेव्हा प्रत्येक वाहनाचा धक्का आपण होऊन देवालयाच्या पायाशी बोलावतो, हे ध्यानात येत नाही.

दुसरी वाट पाण्याची, आणि माझ्या मते खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त नुकसान हिनेच होते. जुन्या डांबराचा थर न खरवडता त्यावर नवा थर चढतो. आणखी काही वर्षांनी आणखी एक. रस्ता उंच होत जातो आणि शेजारचे प्राचीन मंदिर खड्ड्यात गेल्यासारखे दिसू लागते. पूर्वी प्राकारातून बाहेर वाहणारे पावसाचे पाणी आता रस्त्यावरून आत येते. जोत्यात ओल मुरते, ती भिंतीत वर चढते, ओलीबरोबर क्षार चढतात आणि कोरीव दगडाची पापुद्र्यासारखी साल सुटू लागते. आपण म्हणतो, दगड जुना झाला. दगड जुना झालेला नसतो, त्याला पाण्याने घेरलेले असते.

तिसरी वाट धुराची. वाहनांच्या धुरातील वायू हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल तयार होते. संगमरवर आणि चुनखडीचा दगड यांना ते कुरतडते. आपल्या सह्याद्रीतील काळा पाषाण त्यामानाने कणखर आहे. पण त्यावरील जुना गिलावा, रंग आणि चित्रे तेवढी कणखर नाहीत. वेरूळच्या इंद्रसभेतील छतावर उरलेले रंगांचे अवशेष ज्यांनी मान वर करून पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

चौथी वाट खडीची. रस्ता जेथून जातो तेथेच केवळ डोंगर फुटत नाही. त्याच्यासाठी खडी जेथून येते, तो डोंगरही फुटतो. नकाशावर लेणे रस्त्यापासून दूर असते. सुरुंग मात्र लेण्याच्या मागच्या कड्यावर लागतात. म्हणून रस्त्याची आखणी पाहताना खाणीची जागाही पाहिली पाहिजे.

याबाबत देशाचा कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक असावे. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यात २०१० साली महत्त्वाची सुधारणा झाली. त्यानुसार केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा परिसर नियमित क्षेत्र मानला जातो. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. नियमित क्षेत्रात परवानगीशिवाय करता येत नाही. यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नावाची स्वतंत्र यंत्रणा आहे. उल्लंघन करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक कामांसाठी ही १०० मीटरची मर्यादा शिथिल करणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले. परंतु राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. त्या निमित्ताने देशभर झालेल्या चर्चेत दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. रस्ता अडला की रुग्णवाहिका अडते, हे खरे. आणि शंभर मीटरची रेघ एकदा पुसली की ती पुन्हा ओढता येत नाही, हेही तितकेच खरे.

मात्र या कायद्याचे छत्र फक्त सूचित स्मारकांवर आहे. केंद्राकडे संपूर्ण देशातील साडेतीन हजारांहून थोडी अधिक स्मारके आहेत. काही स्मारके १९६० च्या राज्य कायद्याखाली येतात. आपल्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील शेकडो बस्त्या, बांधावरच्या निषिधी, विहिरीच्या काठी पडलेल्या भग्न प्रतिमा, शेतात नांगराला लागणारे शिलालेख यांतील फारच थोडे कोणत्याही यादीत आहेत. ज्याची नोंद नाही, त्याला कायदा वाचवू शकत नाही.

योग्य नियोजन केले तर काय साधते आणि न केल्यास काय घडते, याची दोन्ही उदाहरणे आपल्या जवळपासच आहेत. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर खासगी वाहने थांबवली जातात आणि शेवटचे सुमारे चार किलोमीटर यात्रेकरू ठरावीक बसने जातात. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली. आज त्या दरीत उतरल्यावर जी शांतता भेटते, ती त्या चार किलोमीटरांची देणगी आहे.

दुसरे उदाहरण हंपीचे. आपल्यापैकी अनेकांनी तेथील गाणगित्ती बस्ती पाहिली असेल. विजयनगरचा राजा दुसरा हरिहर याचा सेनानी इरुगप्प याने १३८५ च्या सुमारास कुंथुनाथ भगवंतांचे हे जिनालय उभारले, असे तेथील स्तंभावरील लेख सांगतो. कमलापूरहून हंपीकडे जाताना रस्त्याच्या कडेलाच ते उभे आहे. शैव-वैष्णव मंदिरांच्या त्या महानगरात राजाच्या सेनापतीने जिनमंदिर बांधावे, ही त्या काळच्या औदार्याची साक्ष आहे. १९८६ साली हंपीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुढे तुंगभद्रेवर आनेगुंदीच्या बाजूला वाहनांसाठी मोठा पूल आणि विरूपापूर गड्डीकडे जाणारा पादचारी पूल संरक्षित परिसरातच बांधायला घेतले गेले आणि १९९९ मध्ये हंपीचे नाव 'धोक्यातील वारसा' यादीत गेले. पलीकडच्या तीरावरील गावांना पूल हवा होता, आणि त्यांची मागणी रास्तच होती. भरल्या नदीत गोल टोपल्यांतून, म्हणजे हरिगोलांतून, मुलांनी शाळेला जावे असे कोण म्हणेल? चूक जागेच्या निवडीत होती. वर्षानुवर्षे काम रखडले, वाद झाले, २००२ मध्ये हंपीसाठी स्वतंत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा कायदा झाला, २००६ मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर आले. पुलाचे काम पुन्हा सुरू झाले आणि जानेवारी २००९ मध्ये तो अर्धवट पूल कोसळला. त्यात कामगारांचे बळी गेले. पुढे गाभ्याच्या परिसराबाहेर, बुक्कसागर-कडेबागिलूजवळ, दुसरा पूल झाला. तो आरंभीच तेथे बांधला असता तर? गावांना पूल लवकर मिळाला असता, नगरीचा भूप्रदेश अखंड राहिला असता आणि त्या मजुरांच्या घरी अंधार झाला नसता. घाईने आखलेल्या मार्गाची किंमत वारशाला मोजावी लागली आणि माणसांनाही.

इंग्लंडसारख्या संपन्न देशालाही हा प्रश्न सहज सुटलेला नाही. स्टोनहेंज या पाषाणवर्तुळापासून सुमारे १६५ मीटरवरून ए-३०३ हा महामार्ग जातो. तो भूमिगत करण्यासाठी सुमारे तीन किलोमीटरच्या बोगद्याची योजना २०२० मध्ये मंजूर झाली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली, २०२३ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली आणि २०२४ मध्ये खर्चाच्या कारणाने सरकारने योजनाच सोडून दिली. त्याच ठिकाणी एक लहान काम मात्र झाले. स्मारकाला अगदी खेटून जाणारा ए-३४४ हा रस्ता २०१३ मध्ये बंद करून तेथे गवत लावण्यात आले. मोठा उपाय हाती येत नसेल, तर लहान उपाय थांबवू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आता आपल्याकडे वळू. इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारण्याचे काही प्रश्न आहेत. क्षेत्राला चौपदरी रस्ता हवा, मंदिराच्या दारापर्यंत मोटार गेली पाहिजे, शंभर गाड्यांचे वाहनतळ पाहिजे, असा आग्रह कोण धरतो? जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडी बस्तीवर चकचकीत फरशी कोण बसवतो? शिलालेखावर तैलरंग कोण फासतो? रस्ता आखणाऱ्या अभियंत्याने आपल्या वारशाची किंमत जाणावी, असे म्हणताना आपणही ती जाणली पाहिजे. वृद्धांना, अपंगांना क्षेत्राचे दर्शन सुलभ व्हावे, ही भावना धर्माचीच आहे. परंतु त्यासाठी लहान वाहनाची सोय पायथ्यापासून करता येते. मोठा रस्ता गर्भगृहापर्यंत नेण्याची आवश्यकता नसते.

तेव्हा करायचे काय? चार गोष्टी सुचवतो. चारही आपल्या आवाक्यातील आहेत.

प्रत्येक गावच्या बस्तीने 'वारसा-वही' ठेवावी. गावाच्या शिवारातील प्रत्येक निषिधी, प्रतिमा, लेख, जुनी विहीर, मानस्तंभ यांचे छायाचित्र, मोजमाप आणि नेमके स्थान तिच्यात नोंदवावे. आजच्या मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात. पाठशाळेतील मुलांना एका सुट्टीत हे काम सहज करता येईल. तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे, एक तहसील कार्यालयात आणि एक जिल्ह्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पोच घेऊन द्यावी. आखणी करणाऱ्याच्या टेबलावर आपली वही आधी पोहोचली पाहिजे, यंत्र नंतर.

वर्तमानपत्रातील भूसंपादनाच्या सूचना वाचण्याची जबाबदारी एका विश्वस्ताकडे सोपवावी. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना दोन स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते आणि त्यांतील एक स्थानिक भाषेतील असते. जमिनीत हितसंबंध असणाऱ्याला प्रसिद्धीपासून २१ दिवसांत हरकत घेता येते. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक जनसुनावणी असते. एकवीस दिवस उलटून गेल्यावर काढलेला मोर्चा आणि वेळेत दिलेला एक पानी अर्ज यांत अर्जाचेच बळ अधिक.

हरकत घेताना पर्याय सुचवावा. 'रस्ता नको' असे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. 'रस्ता या बाजूने शंभर मीटर सरकवा, येथे गटार काढा, डांबराचा जुना थर खरवडून मगच नवा घाला, गतिरोधक बस्तीपासून दूर घ्या, अवजड वाहने गावाबाहेरून वळवा' असे म्हणणाऱ्याशी अभियंता बोलतो. माझा अनुभव असा की, बहुतेक अभियंत्यांना वेळेत सांगितले तर ऐकायचे असते.

आणि काही हलवावेच लागले, तर हलवण्यापूर्वी नोंद व्हावी. जेथे ती शिला होती, तेथे निदान एक खूण, एक लहान फलक राहावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे की येथे कोणीतरी शांतपणे देह ठेवला होता.

निरोप घेण्यापूर्वी त्या गावी पुन्हा एकदा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. समोरून तीन साध्वी विहार करीत येत होत्या. रस्ता आता रुंद झाला होता, वाहने वेगाने जात होती आणि त्यांच्यासाठी कडेला मातीची पायवाटही उरली नव्हती. पांढऱ्या पट्ट्याच्या काठाकाठाने, दृष्टी खाली ठेवून त्या चालल्या होत्या. मागून एक ट्रक भोंगा वाजवीत आला. त्या कडेच्या खडीत उतरल्या, ट्रक गेला, पुन्हा वर आल्या. महामार्गांवर विहार करताना आपण किती त्यागी गमावले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या क्षणी मला वाटले, निषिधी उखडली जाणे आणि पायी चालणाऱ्याला वाट न उरणे, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आखणाऱ्याची दृष्टी केवळ दूरच्या गावावर खिळली, की पायाखालचे दिसेनासे होते.

ईर्यासमिती चालणे बंद करायला सांगत नाही. पाहून चाला, एवढेच ती सांगते. रस्ते व्हावेत, भरपूर व्हावेत, त्यांवरून धान्य बाजारात जावे, रुग्ण दवाखान्यात पोहोचावा, वृद्ध माता-पिता क्षेत्राच्या दर्शनाला जावेत. फक्त चार हात पुढे पाहून व्हावेत.

त्या शिक्षकांनी परवा फोन केला. गावातील दोन वृद्धांना घेऊन ते रस्त्याच्या कडेने चालत गेले. कोणत्या विहिरीपासून किती पावलांवर 'वाटेवरचा देव' होता, यावर दोघांचा बराच वाद झाला आणि अखेर एका जागेवर त्यांचे एकमत झाले. तेथे त्यांनी चुन्याची खूण केली आहे. त्यांच्या वारसा-वहीतील ती पहिली नोंद.

आपल्या गावाच्या वहीतील पहिली नोंद कोणती असेल? कळवावे. जय जिनेंद्र.